म्हातारा बोका, किडनी आणि 'आता बस' कधी म्हणायचं?

माऊशी | १४ जून, रात्री ११:५२

सोळा वर्षांचा बोका आहे घरी. बंड्या. पिवळा, शेपटीला गाठ, एक कान फाटका (तरुणपणीच्या मारामाऱ्या). मुलुंडच्या मासळी बाजारात एका कोळीणमावशींच्या पाटीखाली होता. "ने गं बाय याला, सगली मांदेली खातंय," म्हणून त्यांनीच माझ्या पिशवीत टाकला.

दोनेक वर्षांपूर्वी किडनीचं निदान झालं. या आठवड्याच्या रिपोर्टात क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात साठतं ते) ५.८ आलंय, म्हणजे चौथी, शेवटची स्टेज. कातडीखालचं सलाईन एक दिवसाआड घरीच देतो. गोळ्या आहेत. किडनीचं खास खाणं आहे, ते तो हुंगून सोडून देतो. एके काळी पाच किलोच्या वर होता, आता तीनच्या खाली आलाय. पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका लागतो.

अजून थोडंफार खातो. बाल्कनीत जातो. सासऱ्यांच्या मांडीवर बसतो. पण परवा बाथरूममध्ये बादलीच्या काठाला हनुवटी टेकवून बराच वेळ बसला होता. पाणी पीत नव्हता, नुसता बघत होता.

डॉक्टर म्हणतात, "तुमचं तुम्हाला कळेल." नवरा म्हणतो, डॉक्टर सांगतील. मला तर काहीच कळेनासं झालंय. ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांनी सांगा, कसं ठरवलंत?

दादरकर_काका | १५ जून, सकाळी ६:१०

मी चाळीत वाढलो. आमच्याकडे मांजर पाळलं असं कुणी म्हणत नसे, ते असायचंच. एकच मनी, पण पहिल्या मजल्यावर तिला चंपी म्हणत, दुसऱ्यावर राणी, आणि आमची आजी नुसतंच 'मेली'. म्हातारी झाली की एके दिवशी दिसेनाशी व्हायची. "गेली निवांत जागा बघून," एवढंच आई म्हणायची. मांजर आपलं मरण आपण बघून घेतं.

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की अजून पोटात गोळा येतो. सलाईन द्या, गोळ्या द्या, सेवा करा. ते शेवटचं इंजेक्शन मात्र मला पटत नाही. स्पष्ट लिहिलं, राग नसावा.

बोरिवली_फास्ट | १५ जून, सकाळी ९:२५

माऊशी, आमच्या भाटीला वर्षभर घरी सलाईन दिलं. अनुभवाचे बोल:

बाटली हँगरने पडद्याच्या दांडीला टांगा, जितकी उंच तितकं पटकन जातं. आधी ती कोमट पाण्यात ठेवायची आणि दोन थेंब मनगटावर टाकून बघायचे. गार सलाईन गेलं की त्यांना हुडहुडी भरते आणि मग पुढच्या वेळी हँगर वाजला तरी पलंगाखाली पसार. सुई दरवेळी नवीन, बोथट सुईनेच जास्त दुखतं. दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून वर उचलायची आणि त्या पोकळीत सुई घालायची. नंतर टेंगूळ येतं, ते हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतं. पहिल्यांदा बघून मी रडले होते, पण त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

वापरलेल्या सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, प्लीज. जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा आणि व्हेटकडे नेऊन द्या. सकाळी कचरा उचलणाऱ्या ताई हाताने वेगळा करतात तो.

कधी थांबायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमची झोपेतच गेली.

डॉ_पंजा | १५ जून, दुपारी २:४०

पेशाने पशुवैद्य आहे, पण इथे निदान करणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांचं काम. थोडी माहिती देतो.

मांजराच्या किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन वाढतच नाही. म्हणजे आकडा वाढला तेव्हा आजार आधीच जुना झालेला असतो. ५ च्या वर गेलं की चौथी स्टेज. पण स्टेज कागदावरची असते. ५.८ वर आरामात हिंडणारी मांजरं बघितलीत आणि ४ वर कोपऱ्यात मुटकुळं करून पडलेलीही.

पाण्याजवळ बसून राहणं हे मळमळ आणि शरीरात पाणी कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना नक्की सांगा, मळमळीवर आणि भूक वाढवायला चांगली औषधं आहेत. रक्तदाब तपासलाय का? किडनीच्या मांजरांत तो वाढतो आणि कधी कधी एका रात्रीत दृष्टी जाते. पोटॅशियमही बघून घ्या. सलाईन मात्र सांगितलं तेवढंच. "आज जरा मलूल आहे, थोडं जास्त देऊ" असं करू नका, हृदय कमजोर असेल तर ते पाणी छातीत साठतं.

बाकी कुठल्याही मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर तिसऱ्याची वाट बघू नये. उपाशी मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साचते आणि मग मूळ आजार बाजूलाच राहतो.

काका, तुमच्या चाळीतल्या मनीबद्दल. आजारी मांजर लपतं, कारण अशक्त असताना आपणच कुणाची तरी शिकार होऊ ही भीती त्याच्या रक्तात आहे. जिन्याखाली, मीटरच्या खोक्यामागे जाऊन बसतं. तिथे पुढे काय होतं ते कुणी बघितलेलं नसतं, म्हणून आपल्याला ते निवांत वाटतं. मी बघितलंय. किडनीचं मरण शांत नसतं. तोंडात व्रण पडतात, सतत मळमळतं, शेवटी झटके येऊ शकतात.

माऊशी, एक करा. तो बरा असताना त्याला जिवापाड आवडायच्या अशा तीन गोष्टी आजच लिहून काढा. तीनच, आणि अगदी त्याच्याच. 'खेळणं' असं मोघम नको. त्यातल्या दोन सुटल्या की माझ्यासारख्याला फोन करायचा.

वर्सोव्याची_म्हावरेवाली | १५ जून, सायं. ७:०५

मासेमारीची बंदी चालू आहे हो, १ जून ते ३१ जुलै. इंजिनाच्या बोटी किनाऱ्याला. या दोन महिन्यांत आमच्या घरचे बोके माझ्याकडे असे बघतात जसं काय सरकारी आदेश मीच काढला. चिकन दिलं की हुंगायचं आणि त्यावर पायाने माती ओढल्यासारखं करायचं. फरशीवर!

सुकट, सुके बोंबील द्यायचा मोह होईल, पण मीठ असतं, किडनीवाल्याला नको. बर्फातला का होईना बोंबील मिळाला तर नुसत्या पाण्यात उकडा आणि ते पाणी कोमट करून त्याच्या खास खाण्यावर ओता. मीठ, हळद काही नाही. वासाने तरी तोंड लावेल.

डॉ_पंजा | १५ जून, रात्री ९:१५

हा उपाय चांगला आहे. कांदा-लसूण अजिबात नको, मांजराच्या रक्तपेशी फुटतात त्याने. आणि कच्चा मासा रोज नको. चौथ्या स्टेजला मात्र माझं मत असं, की खास खाणं न खाता उपाशी राहण्यापेक्षा साधं खाऊन पोट भरलेलं बरं.

स्थितप्रज्ञ | १६ जून, सकाळी १०:३०

या शहरात माणसाला धड खाट मिळत नाही आणि इथे मांजराला डायलिसिस. चालू द्या.

निशाचर | १६ जून, सकाळी १०:३४

डायलिसिस नाही, सलाईन. आधी धागा वाचा, मग स्थितप्रज्ञ व्हा. (ह. घ्या.)

अंधेरी_सी_विंग | १६ जून, दुपारी १२:००

थोडं अवांतर. माऊशी, 'बाल्कनीत जातो' वाचून धस्स झालं. जाळी आहे ना? म्हातारी मांजरं तोल जाऊन पडतात, त्यात बीपीमुळे दिसेनासं झालं तर विचारूच नका. कबुतरांसाठी मारतात ती नायलॉनची जाळी चालते, पण उन्हाने दोन-तीन वर्षांत कुजते. बोट अडकवून ओढून बघा, तुटली तर बदलायला झाली.

"मांजर चारही पायांवर पडतं, काही होत नाही," हे आमचे सेक्रेटरी ऐकवत असतात. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी इमारतीवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास केला होता, त्यात ९० टक्के वाचली. आणि सात मजल्यांच्या वरून पडलेल्यांना उलट कमी इजा! व्हॉट्सॲपवर हा आकडा फार फिरतो. पण ती दवाखान्यात आणलेली मांजरं होती. जागेवर मेलेलं कोण कशाला दवाखान्यात नेईल?

याच सेक्रेटरींनी गेल्या वर्षी 'पाळीव प्राणी बंद' असा ठराव आणला होता. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांची प्रिंट नेऊन दिली, बहुमत असलं तरी सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही म्हणून. त्या सूचना मुख्यतः कुत्र्यांसाठी लिहिल्यात, हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मीही सांगायला गेले नाही.

माऊशी | १७ जून, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. जाळी आहे, उद्या ओढून बघते.

डॉक्टर, बीपी वाढलेलंच निघालं. गोळी सुरू झालीय, मळमळीचंही औषध दिलंय. आज सकाळी चक्क अर्धी वाटी खाल्लं.

तीन गोष्टींची यादी मी करायच्या आधी बाबांनी (सासरे) केली. बाबा बेस्टमधून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, वेबिल भरायची सवय हाडात मुरलेली. रेघा मारलेली जुनी वही काढली, तारखेचा रकाना, पुढे तीन रकाने:

१. दूधवाल्याची बेल वाजली की दाराशी.
२. पेपरवर बसणे (वाचू न देणे).
३. छबीच्या ताटलीत तोंड घालणे.

छबी आमची तिरंगी मांजर, वय सहा. रोज रात्री बाबा तिन्ही रकान्यांत बरोबर किंवा फुली मारतात आणि खाली सही करतात. बंड्याला घरात आणला तेव्हा हेच बाबा म्हणाले होते, "एक तर हा राहील नाहीतर मी." दोघेही राहिले.

दादरकर_काका | १८ जून, सकाळी ६:०५

सासरेबुवांना नमस्कार सांगा. कुठल्या डेपोला होते?

माऊशी | १८ जून, सकाळी ८:४०

आणिक आणि नंतर विक्रोळी, काका. त्यांना धागा वाचून दाखवते रोज. सोन्याच्या मांजरावर म्हणाले, "आजचा भाव सांगा म्हणावं."

निशाचर | १९ जून, रात्री १:४५

रात्रपाळी करणारा माणूस, त्यामुळे माझ्या वाट्याला सगळी रात्रीचीच प्रकरणं. हा धागा बरेच जण वाचतायत म्हणून लिहून ठेवतो.

बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंब नाही. याला 'पोट साफ होत नसेल' म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असतो आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. नर मांजरात तो मार्ग इतका अरुंद असतो की बारीक खडे नाहीतर चिकट गाळसुद्धा पुरतो. महालक्ष्मीला २०२४ पासून टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल झालंय, चोवीस तास चालू असतं. पूर्वी रात्री दोन वाजता नुसते फोन फिरवत बसायचो.

दुसरं, घरातली क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. मांजराला ताप आला म्हणून अर्धी गोळी चारणारे लोक आहेत. आमच्या मजल्यावरच्या एका घरात झालं हे. ते औषध पचवण्याची यंत्रणाच मांजराच्या लिव्हरमध्ये जवळपास नसते. एका गोळीने मरतं, हिरड्या निळ्या-तपकिरी पडून.

तिसरं, लिली. वाढदिवसाच्या बुकेमधली मोठी, घमघमाट सुटणारी. पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, अंगावर सांडलेले आणि मग चाटलेले परागकण, कशानेही दोन-तीन दिवसांत किडनी बंद. मांजर असलेल्या घरी जाताना झेंडूच न्या.

आणि स्थितप्रज्ञांसाठी: आमच्या पिल्लाला एफआयपी झाला होता. आतड्यातला साधा कोरोनाव्हायरस मांजराच्या शरीरात बदलतो आणि पोटात पाणी भरतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे नाव ऐकलं की डॉक्टर हात जोडायचे. मग जीएस-४४१५२४ नावाचं औषध आलं, ८४ दिवसांचा कोर्स. आमचा ठोंब्या आज साडेपाच किलोचा आहे आणि हे टाइप करताना कीबोर्डवर बसलाय. सगळीच लढाई हरण्यासाठी नसते.

स्थितप्रज्ञ | १९ जून, सकाळी ११:१५

क्रोसिनचं माहीत नव्हतं. आईकडे एक मांजर येतं, तिला सांगतो.

माऊशी | २ जुलै, रात्री १०:१०

मधले दिवस बरे गेले. आता पुन्हा उतार आहे.

पूर्वी शिलाई मशीनवर एका उडीत जायचा. नंतर आम्ही शेजारी स्टूल ठेवलं, तर स्टूल, मग मशीन, असं जायचा. आज स्टुलाजवळ गेला. पुढचे दोन पंजे वर ठेवले. मागचे पाय उचलायला ढुंगण हलवलं, मांजरं उडी मारण्याआधी करतात तसं, एकदा, दोनदा. मग पंजे खाली घेतले आणि काही झालंच नाही अशा थाटात तिथेच पंजा चाटत बसला. चाटणंसुद्धा दोन फटक्यांत संपलं. अंगाची निगा सोडलीय त्याने, केस राठ झालेत, त्यांच्या गुठळ्या होतायत. मी ओल्या फडक्याने पुसते, तेवढ्यापुरता घुर्रघुर्र करतो.

वहीत पेपरचा रकाना फुली. दाराचा रकाना फुली. छबीच्या ताटलीशी जातो, पण खात नाही. बाबांनी तिथे बरोबरही नाही आणि फुलीही नाही, अर्धी रेघ मारली आहे.

डॉक्टर, ते इंजेक्शन म्हणजे नक्की काय करतात? मला आधी सगळं माहीत असलेलं बरं असतं.

डॉ_पंजा | २ जुलै, रात्री ११:००

सांगतो. ज्यांना वाचणं झेपणार नाही त्यांनी हा प्रतिसाद सोडून पुढे जा.

आधी गुंगीचं इंजेक्शन. पाच-दहा मिनिटांत गाढ झोप लागते, यापुढे त्याला काही कळत नाही. मग पायाच्या शिरेतून भूल देणारं औषध, फार मोठ्या मात्रेत. एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, मिटत नाहीत. नंतर एखादा खोल श्वास, स्नायूंची थरथर, लघवी होणं हे होऊ शकतं. ते दुखणं नव्हे, तो तेव्हा तिथे नसतो.

आधी गुंगी देणार का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर दुसरे बघा. घरी येणारे डॉक्टर असतील तर घरीच करा. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये पिंजऱ्यात तासभर ओरडत नेणं हा त्याचा शेवटचा प्रवास नको. जवळ कुणी थांबायचं ते घरात आधी ठरवा. ज्याला झेपणार नाही त्याला बाहेर बसू द्या, त्यात कमीपणा काही नाही. पण एक तरी ओळखीचा हात असू द्या.

पैशांचा हिशोब त्याच दिवशी आधीच चुकता करा. नंतर काउंटरवर उभं राहवत नाही.

दादरकर_काका | ३ जुलै, सकाळी ६:२०

डॉक्टर, रात्री दोनदा वाचलं. माझं मत बदललं असं म्हणणार नाही. पण मनी कुठे गेली ते आम्ही शोधायला गेलो नव्हतो, हे खरं.

बोरिवली_फास्ट | ३ जुलै, सकाळी ९:४५

नंतरचंही आधीच ठरवून ठेवा, माऊशी. आपल्याकडे मूठभर माती नाही कुणाच्या नावावर. सोसायटीच्या बागेत पुरायचं म्हटलं की सभा बोलावतात. महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला छोट्या प्राण्यांसाठी गॅसवरची दाहिनी सुरू केली, फी घेत नाहीत. निघण्याआधी फोन करा आणि डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घ्या. पावसात सुकं जुनं बेडशीट आणि मोठा पुठ्ठ्याचा खोका हाताशी असू द्या.

दादरकर_काका | ३ जुलै, दुपारी १:१०

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलातही चौकशी करावी. दिनशा पेटिटांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने बांधून दिलेलं. व्हिक्टोरियाच्या घोड्यांपासून चालत आलंय, अनुभवी माणसं आहेत.

वर्सोव्याची_म्हावरेवाली | ३ जुलै, दुपारी ३:३०

माऊशी, मांदेली बंदीत मिळणं कठीण. खाडीतली बोय आहे, बिनइंजिनाच्या होडीवाल्याने आज आणली. भाऊ उद्या ठाण्याला चाललाय, त्याच्या हाती पाठवते. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

माऊशी | ६ जुलै, रात्री ९:३०

बंड्या काल दुपारी गेला. घरीच, मशीनवर. आम्हीच उचलून ठेवला वर.

शनिवारी रात्री बोय उकडली. काटे बाबांनी काढले, चष्मा लावून, एकेक. त्याने पाणी चाटलं आणि एक तुकडा खाल्ला. मग छबीने उरलेलं सगळं संपवलं आणि तो बघत बसला. एरवी हे जगात कधी घडलं नसतं. बाबांनी वहीत तिसरी फुली मारली आणि मला म्हणाले, "सूनबाई, फोन कर."

डॉक्टर सांगितल्याप्रमाणे आले. आधी गुंगी. माझा हात डोक्यावर होता, बाबांचा पाठीवर. नवरा स्वयंपाकघरात उभा होता आणि अगदी शेवटी आला. डोळे उघडे राहतात हे आधी वाचलं नसतं तर मी कोसळले असते. डॉ_पंजा, त्या एका ओळीसाठी आभार.

मालाडला जाताना टॅक्सीवाल्याने खोक्यात काय आहे विचारलं. नवऱ्याने सांगितलं. मला वाटलं उतरवतो आता. त्याने रेडिओ बंद केला आणि म्हणाला, "गावी आमच्याकडे होती एक." मालाडपर्यंत तिच्याबद्दलच बोलत होता. तिचं नाव मंजुळा.

आज ऑफिसला गेले. सुट्टी कुठल्या कारणाची टाकणार? 'घरात मृत्यू' लिहिलं तर कोण म्हणून विचारतात.

अंधेरी_सी_विंग | ६ जुलै, रात्री ९:४१

माऊशी. 🙏

निशाचर | ६ जुलै, रात्री १०:०२

फार वाईट वाटलं. बाबांना जपा. 'सिक लीव्ह' टाका सरळ, डोकं दुखतच असणार.

स्थितप्रज्ञ | ६ जुलै, रात्री १०:३०

वाईट झालं. पहिल्या दिवशीचा माझा प्रतिसाद संपादकांनी उडवला तरी चालेल.

दादरकर_काका | ७ जुलै, सकाळी ६:००

सासरेबुवांना सांगा, काशीला जाण्याची गरज नाही. मी आमच्या भटजींनाच विचारलं. ते म्हणाले, "मारलं तर." पुढे काही बोलले नाहीत, चहा प्यायले.

माऊशी | ९ जुलै, रात्री ११:१५

बाबा हसले, काका. बऱ्याच दिवसांनी.

आता छबीचं विचारायचंय. रात्री घरभर फिरून ओरडते. मशीनवर चढून तिथे अंथरलेली सतरंजी हुंगते, मग दाराशी जाते. सतरंजी धुऊ का? शेजारच्या वहिनी म्हणतात, लगेच एक पिल्लू आणा, तिचं मन रमेल. त्यांच्या माहितीत पाच पिल्लं आहेतच (अर्थात).

डॉ_पंजा | १० जुलै, सकाळी ८:३०

सतरंजी राहू दे आणखी काही दिवस, वास आपोआप जाईल. तिचं खाणं मोजा, दोन दिवसांचा नियम तिलाही लागू. खाण्याच्या, खेळण्याच्या वेळा बदलू नका. रात्री ओरडली तर उठून खाऊ देऊ नका, नाहीतर तेच शिकेल. बहुतेक मांजरं काही आठवड्यांत सावरतात.

पिल्लू आत्ता नको. सहा वर्षांच्या मांजराला शोकात असताना अंगावर उड्या मारणारं पोर दिलं तर दोघांचे हाल. आणि बाजारातून, रस्त्यावरून येणारं पिल्लू पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा, संसर्गाने पसरणारा आजार) घेऊन येऊ शकतं. छबीचं लसीकरण झालेलं आहे ना? वहिनींना म्हणावं, पाचही पिल्लांना दोन महिन्यांची झाली की पहिली लस द्या, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, चार महिन्यांची होईपर्यंत. आणि त्यांच्या आईचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर दिवाळीत आणखी पाच.

वर्सोव्याची_म्हावरेवाली | १० जुलै, सकाळी ११:००

छबीला बोय आवडली ना? १ ऑगस्टनंतर मांदेली पाठवते.

माऊशी | २१ जुलै, रात्री १०:००

छबी जरा बरी आहे. काल रात्री पहिल्यांदा बाबांच्या पायाशी झोपली. बाबांनी वहीत नवीन पान उघडलंय. काय लिहितात ते दाखवत नाहीत.

एक काम होतं. सलाईनच्या (रिंगर लॅक्टेट) सात बाटल्या, सुयांचं न उघडलेलं पाकीट, आयव्ही सेट आणि किडनीच्या खाण्याची पाकिटं उरली आहेत. फुकट द्यायची आहेत. मुलुंड किंवा ठाणे स्टेशनला आणून देईन. कुणाला हवंय?

कल्याण_स्लो | २१ जुलै, रात्री १०:२५

पहिल्यांदाच लिहितेय, इतके दिवस नुसती वाचत होते. आमची ठकी चौदाची आहे, मागच्या महिन्यात दुसरी स्टेज निघाली. सलाईन अजून सांगितलेलं नाही, पण खाण्याची पाकिटं मिळाली तर फार बरं होईल. ती हे खाणं आवडीने खाते (हो, खरंच). ठाण्याला येऊ शकते, फलाट क्र. ५ वर, सहानंतर.

डॉ_पंजा | २१ जुलै, रात्री १०:५०

पाकिटांवरची तारीख बघून द्या. बाटल्या कुणाला हव्या असतील तर सील न उघडलेल्याच. आणि ठकीचा रक्तदाब आत्ताच तपासून घ्या, वाट बघू नका.

माऊशी | २१ जुलै, रात्री १०:५८

तारखा बघितल्या, पुढच्या मार्चपर्यंतच्या आहेत. कल्याण_स्लो, उद्या सव्वासहा? हिरवी कापडी पिशवी असेल माझ्याकडे. बाटल्या अजून शिल्लक आहेत, कुणाला हव्या असतील तर व्यनि करा.